गिझरचा नॉब, सोलरचे व्हॉल्व्ह आणि सकाळचं विसण

साताऱ्यात किंवा सांगलीत घर तापवायची वेळ कुणावर येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी सोडलं तर पौषातली थंडी स्वेटर, गोधडी आणि चहावर निभावते. आपल्याकडे उष्णतेपायी पैसे जातात ते पाण्यावर. दिवाळी सरली की गिझर सुरू होतात, आणि घरगुती बिलातला १०० युनिटचा टप्पा, जिथून पुढे दर चढतो, तो बऱ्याच घरांत नेमका याच दिवसांत ओलांडला जातो. तरी गिझर वापरायची पद्धत घरोघरी एकच: आंघोळीआधी खटका दाबायचा, अंदाजाने बंद करायचा, आणि विसरलं की आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडायचं.

गिझरला एक नॉबही असतो. बसवणाऱ्याने ज्या खुणेवर ठेवला तिथेच तो वर्षानुवर्षं असतो, बहुधा शेवटच्या टोकाला. गच्चीवरच्या सोलरला तीन-चार व्हॉल्व्ह असतात आणि त्यांतला कुठला कशाचा हे प्लंबरला विचारावं लागतं. हा लेख त्या नॉबचा आणि त्या व्हॉल्व्हचा आहे.

सगळ्याच्या मुळाशी एक साधी विभागणी आहे. पाणी किती कढत हवं हे थर्मोस्टॅटने, म्हणजे त्या नॉबमागच्या तापमान राखणाऱ्या भागाने ठरवायचं. कधी हवं हे खटक्याने किंवा टायमरने. किती धारेने हवं हे व्हॉल्व्हने. आपण तिन्ही कामं एका खटक्याकडून करून घेतो आणि मग बिल वाढलं, पाणी पुरलं नाही, पोराचा हात भाजला, असं काहीतरी होत राहतं.

नॉब नक्की काय करतो

साठवणीच्या गिझरमधली कॉइल बहुतेक वेळा २००० वॉटची असते. ती एकतर पूर्ण चालू असते, नाहीतर पूर्ण बंद. अर्धी-पाऊण चालत नाही. पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचलं की कॉइलची वीज तोडायची आणि ते काही अंश उतरलं की पुन्हा जोडायची, एवढंच थर्मोस्टॅटचं काम. म्हणजे नॉब टोकाला फिरवल्याने पाणी लवकर तापत नाही. ४० अंशांपर्यंत जायला नॉब ५० वर असो की ७५ वर, वेळ तेवढाच लागतो. रिक्षाची मूठ पिळावी तसा नॉब पिळणाऱ्यांना हे पटत नाही, पण कॉइलला दुसरा वेगच नसतो. फरक पडतो तो पुढे: टोकाला ठेवलेला गिझर थांबायचं नाव घेत नाही, आणि त्याने तापवलेलं पाणी आपण विसण घालून परत गार करतो.

मुलगा किंवा लेक म्युनिकला, लीड्सला असेल आणि हिवाळ्यात तिकडे जाणं झालं, तर भिंतीवरच्या रेडिएटरला १ ते ५ आकड्यांचा नॉब दिसेल. तो पाण्याऐवजी खोलीच्या हवेचं तापमान पाहतो, पण नियम तोच. ३ म्हणजे साधारण २० अंश. बाहेरून कुडकुडत आल्यावर ५ वर फिरवला म्हणून खोली झटकन गरम होत नाही, फक्त नंतर खिडकी उघडावी लागते.

थर्मोस्टॅटच्या जोडीला गिझरमध्ये एक कट-आउट असतो. थर्मोस्टॅट चिकटला आणि कॉइल थांबेनाशी झाली, तर पाणी उकळायच्या आत तो वीज तोडतो. काही गिझरमध्ये झाकणाखाली त्याचं बटण असतं आणि ते दाबलं की गिझर पुन्हा चालू होतो. एकदा दाबायला हरकत नाही. तो पुन्हा उडाला तर बटण दाबत बसू नका, थर्मोस्टॅट बदलून घ्या. तेवढ्यासाठी गिझर टाकून द्यायची गरज नसते. थर्मोस्टॅट हा गिझरच्या स्वस्त भागांपैकी एक आहे.

आधी मोजा, मग खूण करा

नॉबवरच्या आकड्यांवर किंवा लाल पट्टीवर विसंबू नका. स्वयंपाकात वापरतात तसा १०० अंशांपर्यंतचा काडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. तापाचा थर्मामीटर चालत नाही.

नॉब मधोमध ठेवा आणि गिझर चालू करा. दिवा आपोआप जाईपर्यंत थांबा. खटका बंद करायचा मोह इथेच होतो. तो आवरायला हवा, कारण दिवा जातो म्हणजेच थर्मोस्टॅटने वीज तोडली. (काही गिझरवर दोन दिवे असतात: एक वीज असल्याचा, दुसरा पाणी तापत असल्याचा. बघायचा तो दुसरा.) आता फक्त गरम पाण्याचा नळ सोडा, पाईपमधलं गार पाणी जाऊ द्या, आणि मग एक स्टीलचा तांब्या भरून त्यात काडी बुडवा. जो आकडा येईल तो नॉबच्या त्या जागेचा. त्यावरून नॉब थोडा मागे-पुढे करून ५० आणि ६० च्या जागा शोधा आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका लावा. मार्करची खूण बाथरूमच्या वाफेत टिकत नाही.

काही गिझरचा नॉब बाहेर नसतो, खालच्या झाकणाआड थर्मोस्टॅटवरच एक छोटी चकती असते. तिथे हात घालायचा तर नुसता खटका नाही, एमसीबी (मुख्य बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडायची. जुन्या वायरिंगमध्ये खटका न्यूट्रलवर असल्याची उदाहरणं कमी नाहीत. अशा वेळी खटका बंद असूनही आत वीज जिवंत असते. याची खात्री नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

आता ५० की ६०? इथे थोडं गणित कामाला येतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. थंडीत पहाटे टाकीतलं पाणी २० अंश धरलं तर १५ लिटरचा गिझर ५० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज आणि १६ मिनिटं लागतात. ६० अंशांना ०.७ युनिट आणि २१ मिनिटं. ७५ अंशांना ०.९६ युनिट आणि जवळपास अर्धा तास. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, १५ लिटरचा गिझर मिनिटाला साधारण २ अंश चढतो आणि २५ लिटरचा १ अंशाहून थोडा जास्त.

अंगावर घ्यायचं पाणी मात्र ३८ ते ४१ अंशांचं असतं, कढत आवडणाऱ्यांचंसुद्धा. १८ लिटरच्या बादलीत ६० अंशांचं ९ लिटर आणि विसणाचं ९ लिटर घातलं की ४० अंशांची बादली होते. गिझर ५० वर असेल तर गरम १२ लिटर लागतं आणि विसण ६ लिटर. म्हणजे १५ लिटरच्या गिझरमधून ६० वर दीडहून थोडी जास्त बादली निघते आणि ५० वर सव्वा. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच, कारण गरम पाणी बाहेर पडताना तेवढंच गार आत शिरत असतं.

माझं मत असं: घरात लहान मूल किंवा ज्यांचा हात थरथरतो असं वयस्कर माणूस असेल, तर ५० च्या आसपास ठेवा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजवतं, ५० ला त्यासाठी काही मिनिटं लागतात, आणि मुलांची कातडी आपल्याहून नाजूक. बाकीच्यांनी ५५ ते ६० ठेवावं. ६० च्या वर जाण्यात लाभ नाही, तोटा मात्र आहे, विशेषतः बोअरच्या पाण्याला. त्याचं कारण पुढे येईल. ५० च्या खाली मात्र कायमचं ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. रोज सगळं पाणी वापरलं जात असेल तर घरगुती गिझरमध्ये काळजीचं कारण फारसं नाही. गावाला जाऊन आठ-पंधरा दिवसांनी परतलात तर पहिल्यांदा गिझर ६० पर्यंत तापू द्या, ते पाणी सोडून द्या आणि मग आंघोळी सुरू करा.

दिवसभर चालू की लागेल तेव्हा

यावर घराघरांत वाद आहेत. "सारखं बंद-चालू केलं की जास्त वीज खातो" हे म्हणणं चुकीचं आहे. तापलेला गिझर नुसता उभा असला तरी भोवतालच्या हवेत उष्णता सोडत राहतो, आणि पाणी जितकं कढत तितकी जास्त सोडतो. बंद ठेवला की पाणी निवत जातं तसतशी ही गळतीही कमी होते. गिझरवरच्या स्टार लेबलवर ही गळतीच छापलेली असते: पाणी भोवतालपेक्षा ४५ अंश जास्त गरम राखायला २४ तासांत किती युनिट जातात तो आकडा. चांगल्या १५ लिटरच्या गिझरला तो अर्ध्या युनिटाच्या आसपास असतो. महिन्याला १५ युनिट, एकही थेंब न वापरता. स्टार किती आहेत यापेक्षा दुकानात हा आकडा वाचा.

गंमत अशी की थर्मोस्टॅट नीट लावला असेल तर विसरण्याची भीती निम्मी होते. ५५ वर लावलेला गिझर तासभर चालू राहिला तरी फार बिघडत नाही, तो आपला आपण थांबतो. टोकाला ठेवलेलाच महागात जातो.

ज्यांच्या आंघोळीच्या वेळा ठरलेल्या आहेत त्यांनी टायमर लावावा. सहाला पहिली आंघोळ असेल तर १५ लिटरसाठी साडेपाचला सुरू आणि शेवटची आंघोळ व्हायच्या दहा मिनिटं आधी बंद, एवढं पुरतं. शेवटचं पाणी टाकीत असतंच, ते तापवलेलं नंतर कुणी वापरत नाही. टायमर घेताना दोन गोष्टी पाहा. तो १६ ॲम्पिअरचा हवा. मोबाइल चार्जरला लावतात तसला ६ ॲम्पिअरचा वितळतो. आणि त्याला आतून बॅटरी हवी. फिरत्या चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि जितका वेळ वीज नव्हती तितका मागे पडतो. आपल्याकडे हे कधी ना कधी होणारच. मग सकाळी साडेपाचचा गिझर साडेसातला सुरू होतो आणि दोष गिझरला मिळतो.

वायरिंगचं थोडक्यात: २ किलोवॉटचा गिझर जवळपास ९ ॲम्पिअर ओढतो, ३ किलोवॉटचा १३. त्यामुळे मोठ्या पिनेचा १६ ॲम्पिअरचा पॉइंट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, चांगली अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच. ओल्या अंगाने आपण ज्या यंत्राच्या पाण्याखाली उभे राहतो, त्याच्या अर्थिंगवर काटकसर करू नये. कृष्णाकाठच्या घरांना आणखी एक सांगणं: २०१९ किंवा २०२१ सारखं पुराचं पाणी घरात शिरलं असेल, तर गिझर वर कोरडा दिसतोय म्हणून लावू नका. खालचा बोर्ड, पाईपातली वायर आणि अर्थिंगचा खड्डा तपासून घेतल्याशिवाय त्याला वीज द्यायची नाही.

धार: सगळ्यांत दुर्लक्षित व्हॉल्व्ह

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर घेतलेल्यांची तक्रार एकच असते, थंडीत पाणी कोमटच येतं. दुकानदार म्हणतो गिझर लहान पडला, प्लंबर म्हणतो कॉइल गेली. बहुतेक वेळा दोघंही चुकतात.

३ किलोवॉटची कॉइल मिनिटाला ३ लिटर धारेला फक्त १४ अंशांनी तापवू शकते. २० चं पाणी ३४ वर येतं, म्हणजे कोमट. तीच धार मिनिटाला २ लिटरवर आणली की ते ४१ वर येतं. उपाय भिंतीतच असतो: गिझरच्या गार पाण्याच्या नळीवरचा अँगल कॉक (नळी भिंतीतून निघते तिथला छोटा व्हॉल्व्ह). एक लिटरचं माप आणि घड्याळ घ्या. गरम नळ पूर्ण उघडा ठेवा आणि अँगल कॉक हळूहळू आवळत जा, माप भरायला अर्धा मिनिट लागेपर्यंत. मग कॉक तिथेच राहू द्या आणि बंद-चालू नळाने करा. १८ लिटरची बादली भरायला ९ मिनिटं लागतील. घाई असलेल्यांनी इन्स्टंट गिझरच्या नादी लागू नये, तो स्वयंपाकघरातल्या सिंकला शोभतो.

शॉवरवाल्यांचं दुखणं उलटं असतं. मिक्सरमध्ये गार पाणी प्रेशर पंपाचं आणि गरम पाणी सोलरच्या टाकीतून नुसत्या उतारावरचं. दोन्हींची ताकद जुळत नाही, त्यामुळे मिक्सर जरासा हलवला तरी एकदम गार नाहीतर एकदम कढत. इथेही गार बाजूचा अँगल कॉक आवळून दोन्ही धारा सारख्या करायच्या. आधी फक्त गरम सोडून एका मिनिटात किती बादली भरते ते पाहा, मग फक्त गार सोडून तेवढीच भरेल इतका गारचा कॉक आवळा.

थर्मोस्टॅटिक मिक्सर नावाची वस्तू आता जिल्ह्याच्या गावांतही मिळते. तिच्यातली मेणाची कुपी पाणी तापलं की फुगते आणि गरम बाजू आवळते, त्यामुळे ३८ वर लावलं की ३८ च्या आसपासच येतं. आजी-आजोबांच्या बाथरूमसाठी उत्तम. पण तिलाही दोन्ही बाजूंना पुरेसा आणि साधारण सारखा दाब लागतो, आणि जड पाण्यात ती चिकटते. उताराच्या सोलरला आणि बोअरच्या पाण्याला ती बसवून पैसे वाया घालवू नका.

गिझरच्या गार नळीवर आणखी एक पितळी तुकडा असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापताना त्याच्या बारीक तोटीतून कधी कधी थेंब-थेंब पडतात आणि लोक प्लंबरला बोलावतात. २० वरून ६० वर जाताना १५ लिटर पाणी पाव लिटरच्या जवळपास फुगतं. त्या व्हॉल्व्हमधूनच ते मागे जाऊ शकत नसल्याने दाब वाढतो आणि जादा झालेलं तोटीतून निघतं. फक्त तापतानाच ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. खाली बारीक नळी लावून ती मोरीत सोडा. रात्रंदिवस ठिबकत असेल तर आत कचरा अडकलाय किंवा लाइनचा दाब फार आहे. पण कुणी त्या तोटीला बूच मारतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. थर्मोस्टॅट आणि कट-आउट दोन्ही गेले तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी ती शेवटची वाट आहे.

पाणी कुठलं, त्यावर गिझरचं आयुष्य

सातारा शहराच्या बऱ्याच भागाला कासचं पाणी येतं. पठारावर साठलेलं पावसाचं पाणी, क्षार कमी, साबणाला फेस भरपूर. तिथला गिझर वर्षानुवर्षं न उघडता चालतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या बोअरचं पाणी वेगळं. त्यात विरघळलेला चुना तापल्यावर घट्ट होऊन कॉइलवर बसतो, आणि ६० अंशांच्या वर हे फार झपाट्याने होतं. नॉब खाली ठेवा म्हणण्यामागे वीज वाचवण्याइतकंच हेही कारण आहे.

मिरजेला मावशीकडे गिझर उघडला तेव्हा कॉइल बाहेर येईना. छिद्र तेवढंच होतं, कॉइल फुगली होती: पांढऱ्या-पिवळसर थराने मनगटाएवढी. वायरमनने पकडीने थर फोडला तसे शिंपल्यासारखे पापुद्रे पडले, आणि आतलं धातूचं नळकांडं काळपट, एका जागी फुगून चिरलेलं. अशी कॉइल स्वतः तापते पण उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. आधी वेळ जास्त लागू लागतो, मग तापताना कढईसारखा चरचर आवाज येतो, शेवटी अर्थला वीज लागून आरसीसीबी उडते. आवाज यायला लागला की उघडायची वेळ झाली असं समजा.

साफसफाईसाठी कॉइल काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायची. किराणा दुकानात मिळतं ते चालतं. फरशी धुवायचं ॲसिड वापरू नका, ते क्षाराबरोबर धातूही खातं. गिझर उघडलाच आहे तर मॅग्नेशियमची कांडीही पाहून घ्या. ती टाकीऐवजी स्वतः झिजते आणि टाकी गंजू देत नाही. पेन्सिलीइतकी बारीक झाली असेल किंवा मधली तार दिसत असेल तर नवी घाला. बोअरच्या पाण्याला दरवर्षी, कासच्या पाण्याला दोन वर्षांतून एकदा बघितली तरी चालेल.

सोलर: गच्चीवरचा हिशेब

सोलरला थर्मोस्टॅट नसतो, ऊन हाच त्याचा खटका. पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि गार पाणी खाली नळ्यांत उतरतं. पंप लागत नाही. म्हणून सगळी मदार मांडणीवर. नळ्या किंवा पत्रे दक्षिणेकडे तोंड करून, दुपारी कशाचीही सावली न पडता. शेजारी नवा मजला चढला तर डिसेंबरमध्ये पुन्हा बघा, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावली लांब पडते. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून वर हवा, नाहीतर सोलर पूर्ण भरत नाही. सोलरच्या टाकीवरचा हवेचा पाईप गार टाकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच हवा आणि त्याचं तोंड कायम उघडं. त्यातून पाणी सांडतं म्हणून त्याला टोपी बसवलेली घरं मी पाहिली आहेत; टोपी काढा आणि पाईप उंच करा.

"सोलरचं पाणी गार येतं" या तक्रारीला चार कारणं असतात आणि ती याच क्रमाने तपासावीत.

पहिलं, पाईपमधलं मेलेलं पाणी. पाऊण इंची सीपीव्हीसी पाईपच्या मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत १५ मीटर पाईप असेल तर पावणेचार लिटर गार पाणी आधी येणारच. ते बादलीत घेऊन विसणाला वापरा. गच्चीवरच्या उघड्या पाईपला काळ्या फोमची नळी चढवा आणि वर उन्हाने तिचा चुरा होऊ नये म्हणून पट्टी गुंडाळा.

दुसरं कारण चोरटं आहे. घरात कुठेतरी मिक्सर उघडा आणि त्यापुढचा हँड शॉवर बंद असेल, तर जास्त दाबाचं गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनीत शिरतं. पंप असलेल्या घरांत हमखास. ओळखायची रीत सोपी: गच्चीवर सोलरचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि खाली फक्त गरम नळ सोडा. पाईपमधलं पाणी संपून नळ कोरडा पडायला हवा. वाहतच राहिला तर गार पाणी कुठून तरी घुसतंय. एकेका बाथरूमचा गरम अँगल कॉक बंद करत जा, ज्याने नळ थांबला तिथला मिक्सर दोषी. तिथे एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवून घ्या. सोलर बदलायला निघालेली माणसं एवढ्यावर थांबलेली आहेत.

तिसरं, धूळ आणि राख. कारखान्यांचा गाळप हंगाम आणि थंडी एकत्रच येतात. वाळवा, कराड भागात कारखान्याच्या जवळच्या गच्च्यांवर उसाच्या चिपाडाची काळी राख रोज पडते आणि नेमक्या गरजेच्या महिन्यांत काच काळवंडते. नळ्या धुवायच्या त्या सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकते. तसंच टाकी रिकामी होऊन नळ्या भर उन्हात कोरड्या तापल्या असतील तर दुपारी पाणी सोडू नका, रात्र होऊ द्या.

चौथं म्हणजे वापराची वेळ. संध्याकाळी भांडी, रात्री आंघोळ, त्यात पाहुणे, असं २०० लिटरच्या टाकीतलं गरम पाणी रात्रीच संपलं आणि जागी गार भरलं, तर सकाळी गारच येणार. रात्री ऊन नसतं. सकाळी आंघोळ करणाऱ्या घराने स्वयंपाकघराची गरम लाइन संध्याकाळनंतर बंद ठेवावी. तिला वेगळा बॉल व्हॉल्व्ह घालून घेणं हे घर बांधतानाच करायचं काम.

पावसाळ्याचा प्रश्न उरतो. सोलरच्या टाकीतही २ किलोवॉटची कॉइल असते आणि लोक आषाढात ती सर्रास लावतात. २०० लिटर पाणी ३० वरून ५५ वर न्यायला जवळपास ६ युनिट लागतात, घरात माणसं दोन असोत की सहा. तेच दोघांसाठी बाथरूममधला १५ लिटरचा गिझर लावला तर दीड युनिटात भागतं. त्यामुळे सोलर असलं तरी लहान गिझर काढून टाकू नका, आणि सोलरची कॉइल घरात लग्नकार्य असेल तेव्हाच लावा. हेही तालुक्यावर आहे. जावळी, पाटण, महाबळेश्वरला जून ते सप्टेंबर सोलर जवळपास झोपलेलं असतं. माण, खटाव, जतला पावसाळ्यातही ऊन पडतं आणि तिथे गिझर क्वचितच लागतो.

सोलरचं पाणी गिझरमधून आणायचं की वेगळं? सरळ गिझरच्या गार नळीला जोडलं तर सोय होते: कमी पडेल तेवढंच गिझर तापवतो. पण पाईपमधलं मेलेलं गार पाणी आधी गिझरमध्ये जातं, आणि उताराच्या बारीक दाबाला सेफ्टी व्हॉल्व्हमधला एनआरव्ही अडसर होऊन धार मरते. मी वळण-लाइन घालायला सांगेन: दोन बॉल व्हॉल्व्ह, एक उघडला की सोलर थेट नळाला, दुसरा उघडला की गिझरमधून. दोन्हींवर रंगाने बाण आणि "सोलर", "गिझर" लिहून ठेवा. चैत्र-वैशाखात सांगलीच्या उन्हात सोलरचं पाणी हात लावू देत नाही. तेव्हा निम्म्या नळ्यांवर गोणपाट टाका. त्या दिवसांत दुपारी साध्या टाकीतलं पाणीही आंघोळीला पुरेसं गरम असतं.

गॅस गिझर वापरत असाल तर

त्याला तीन नॉब असतात: गॅस, पाणी आणि समर-विंटर. शेवटचा नॉब जळणाऱ्या बर्नरची संख्या बदलतो. साठवण नसल्याने इथे तापमान गॅस आणि धार यांच्या मेळावर ठरतं. समर-विंटर ऋतूप्रमाणे ठेवा, गॅस मध्यावर, आणि रोजचं कमी-जास्त पाण्याच्या नॉबने करा. पेटत नसेल तर आधी खालचे दोन मोठे सेल बदला, मग पाण्याचा दाब पाहा. दाब कमी असेल तर तो मुद्दामच पेटत नाही.

पण तो बाथरूमच्या आत नको. बंद जागेत हवा कमी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला रंग नाही, वास नाही, आणि बऱ्याचदा शुद्ध हरपेपर्यंत काही कळत नाही. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात यात माणसं जातात. गिझर बाल्कनीत किंवा डक्टमध्ये बसवा आणि फक्त पाण्याची नळी आत आणा. आधीच आत बसवला असेल तर तो हलवेपर्यंत बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा आणि मगच दार लावायचं. खिडकी कायम उघडी ठेवायची. ज्योत निळी हवी. पिवळी, धूर सोडणारी दिसली तर तो गिझर दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही. आंघोळीत डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले तर अंगावरचा साबण तसाच ठेवून बाहेर या. आत कुणी उत्तर देत नसेल तर दार तोडा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा.